लंगडणाऱ्या घोड्याची परीक्षा

शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा होतो न होतो तोच धावू लागतो, आणि पुष्कळ घोडे ऐन उमेदीतच निवृत्त होतात. घोड्याचे आयुर्मान २५ ते ३० वर्षांचे असते. म्हणजे निवृत्तीनंतर आयुष्याचा मोठा भाग शिल्लक राहतो. हा काळ तो स्वारीच्या कामी सुखाने घालवील, की निरुपयोगी ठरवून टाकून दिला जाईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या मागील पायांवर अवलंबून असते. कारण शरीर पुढे रेटणारे बळ मुख्यत्वे त्यांतूनच येते.

मागील पायाचे लंगडणे ओळखताना डोळा सहज फसतो. दुडक्या चालीत डावा मागील व उजवा पुढील पाय एकाच वेळी टेकतात. डावा मागील पाय दुखत असल्यास त्यावर भार येताक्षणी घोडा मान खाली घालून वजन पुढे सारतो. पाहणारास वाटते, दुखणे डाव्या पुढील पायातच आहे! म्हणून जाणता पशुवैद्य घोड्याच्या मागे उभा राहून पुठ्ठ्यांकडे पाहतो. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होत असतो.

पाय ठरला, तरी जागा ठरवावयाची राहते. प्रथम पाहावयाचे ते खूर. एकाएकी पाय टेकवेनासा झाला, तर बहुधा खुरात पू साठलेला असतो. चिमट्याने दाबून नेमकी जागा शोधावी व पू वाहून जाऊ द्यावा, म्हणजे घोड्यास लवकरच आराम पडतो.

खूर निर्दोष आढळल्यास पाय सुमारे एक मिनिट दुमडून धरतात व लगेच घोड्यास दुडकवतात. लंगडणे वाढले, तर सांध्याविषयी संशय येतो. मात्र ही परीक्षा पुरेशी नव्हे. मागील पायाच्या मध्यावर टोक काढलेला जो सांधा दिसतो, त्यास लोक गुडघा समजतात. वस्तुतः तो माणसाच्या घोट्याशी जुळतो. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. हे दोन्ही सांधे असे जखडलेले आहेत की, एक वाकविला म्हणजे दुसराही वाकतो. यास्तव पुढे मज्जातंतू खालून वर क्रमाक्रमाने बधिर करून पाहतात. ज्या टप्प्यावर लंगडणे थांबते, तेथे दुखण्याचा ठाव लागतो. परंतु हाड तडकल्याचा संशय असल्यास हा उपाय वर्ज्य होय. वेदना नाहीशी झालेला घोडा पूर्ण भार टाकील आणि हाड मोडून घेईल. अखेर क्ष-किरण व सोनोग्राफी यांनी निदान पक्के होते.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण उपचार परस्परविरुद्ध असतात. घोट्याच्या खालच्या, फारशी हालचाल नसलेल्या सांध्यांतील कूर्चा झिजली असेल, तर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, योग्य नालबंदी आणि नित्याचा हलका व्यायाम हितकर ठरतो. खुरावरच्या सांध्यास तोलून धरणारा अस्थिबंध दुखावला असेल, तर मात्र विश्रांती व कित्येक महिने मोजून चालविणे, हाच मार्ग. एकास जे औषध, तेच दुसऱ्यास अपाय. फेनिलब्युटाझोनसारखी औषधे वेदना शमवितात. पण ती दीर्घकाळ वा अधिक मात्रेने दिल्यास जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडास इजा पोहोचते.

निरोगी पायाचीही काळजी घ्यावी लागते. बार्बारो या अमेरिकन घोड्याचा उजवा मागील पाय २० मे २००६ रोजी बाल्टिमोर येथील शर्यतीत मोडला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात पट्टी व २७ स्क्रू बसवून तो सांधण्यात आला. पुढे डाव्या मागील पायाच्या खुरात दाह उत्पन्न झाला, आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्यास वेदनारहित मरण द्यावे लागले.

घोडा आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. लंगडणे हेच त्याचे सांगणे होय. ते औषधाने दडपण्यापूर्वी नीट समजून घ्यावे, एवढेच त्याच्या धन्याचे पहिले कर्तव्य आहे.