वाचनाची घाई नको

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो, "जावेची मुलगी धडा वाचते, आमचा अजून 'कमळ'वरच!" वर्ग एक असला तरी वाचन सगळ्यांना एकाच वेळी येत नाही. नुसती अक्षरं ओळखून भागत नाही. 'कि'ची वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. 'सूर्य' आणि 'चक्र' यांत एकच 'र' दोन रूपं घेतो. कुणाला हे लवकर उमगतं, कुणाला उशिरा. म्हणून तुलना नको. रोज दहा मिनिटं शेजारी बसून, शब्दांवर बोट ठेवून गोष्ट वाचा.

दुसरी संपत आली तरी साधे शब्द जुळत नसतील, तर मारू नका. डोळे, कान तपासून घ्या, शाळेतल्या बाईंशी बोला. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही नोंदलेली आहे. तो आळस नव्हे.