माहुलीचा धबधबा, अकलोलीचे ऊन पाणी

सातवीच्या वर्गात अमेरिकेतल्या यलोस्टोनची चित्रे दाखवली. 1872 साली स्थापन झालेले जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. डोंगर, मोठमोठे धबधबे आणि जमिनीतून उसळणारे उकळते पाणी. मुले डोळे मोठे करून बघत होती. पाड्यावरून चालत येणारी एक मुलगी म्हणाली, "असं आपल्याकडं काय नाय ना?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "आपल्याकडं काय हाय? दगड!" सगळा वर्ग हसला.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक आहोत. त्यामुळे एकाच्या वर्गातली गोष्ट संध्याकाळच्या चहाला दोघांची होते. हसण्यासारखीच गोष्ट होती, पण मग वाटले, मुलांना दोष काय द्यायचा? शेणव्यात राहून आम्ही तरी काय पाहिले आहे? पाहुणे आले की त्यांना महाबळेश्वरच्या गोष्टी सांगतो. आणि दाराबाहेर पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यात आजोबाचा डोंगर. पश्चिमेला माहुली. तिच्यापलीकडे तानसाचे जंगल, आणि त्याच तानसा नदीच्या काठाने खाली गेले की अकलोली-वज्रेश्वरीची गरम कुंडे. डोंगर, धबधबा, उकळते पाणी, तिन्ही गोष्टी एका दिवसाच्या अंतरात. ठरले, सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवून सगळ्यांनी जायचे. सगळे म्हणजे आम्ही दोघे, अम्मी, आठवीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी.

कधी जायचे यावर मात्र घरात दोन पक्ष पडले. मुलांना धबधबा हवा होता, तो पावसाळ्यात. अम्मीला गुडघ्यांसाठी गरम कुंड हवे होते, ते थंडीत. शेवटी ऑक्टोबर ठरला. 2 तारखेची सुट्टी माहुलीला आणि पुढचा रविवार तानसा-अकलोलीला. भर जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यावर जायला आमचा विरोधच आहे. दर पावसाळ्यात आपल्या भागात कोणा ना कोणाचे पोर धबधब्यात जाते. प्रशासन बंदी घालते आणि लोक आडवाटेने जातात.

माहुलीला जाण्यासाठी कसारा लोकलने आसनगावला उतरावे. तिथून माहुली गावापर्यंत रिक्षा मिळते. गड 2,815 फूट उंच आहे. माहुली, भंडारगड आणि पळसगड असे त्याचे तीन भाग. दूरून सुळके दिसतात त्यांना लोक नवरा, नवरी म्हणतात. एकाचे नाव वजीर आहे. 1636 साली शहाजीराजांनी याच गडावरून मोगल आणि आदिलशाही फौजांना तोंड दिले होते. हे सगळे मुलाने आधीच वाचून ठेवले होते आणि वाटेत आम्हाला ऐकवले. गड चढायचा आमचा बेत नव्हता, अम्मी सोबत होती. पायथ्याच्या रानातून ओढ्याकाठाने धबधब्यापर्यंत जायचे एवढेच.

वाट सागाच्या रानातून जाते. पावसाळा सरला होता तरी ओढा भरून वाहत होता. पाणी इतके स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. अम्मी एका खडकावर बसली, आम्ही दस्तरखान पसरला. तांदळाच्या भाकऱ्या, खिमा, उकडलेली अंडी. मुले धबधब्याखालच्या डोहात उतरायची घाई करत होती. आम्ही "गुडघ्यापर्यंतच" म्हणून परवानगी देणार, एवढ्यात वरून मोळी घेऊन उतरणारे एक ठाकर आजोबा थांबले.

"मास्तर, पोरांना वर घ्या. डोंगर काळा झालाय."

आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते. आजोबांनी हाताने माहुलीचा माथा दाखवला. तिथे खरेच ढगाचा एक काळा तुकडा बसला होता. खरे सांगायचे तर आम्हाला ते थोडे फाजील वाटले. पण वडीलधाऱ्या माणसाचा शब्द म्हणून मुलांना वर बोलावले. मुलगा तोंड फुगवून बसला. पाव तासही झाला नसेल. आधी आवाज बदलला, मग धबधब्याचा पांढरा रंग लाल झाला. डोहातले गोटे दिसेनासे झाले. ज्या दगडावर मुलीने चपला काढून ठेवल्या होत्या तो दगडही दिसेना. चपला गेल्या. आमच्या अंगावर एक थेंब पडला नव्हता.

मुलगी चपलांसाठी रडत होती आणि अम्मी तिला छातीशी धरून अल्हम्दुलिल्लाह म्हणत होती. आजोबा मोळी टेकवून शांतपणे विडी ओढत होते. आम्ही त्यांना भाकरी-खिमा दिला. ते म्हणाले, पाणी गढूळ व्हायला लागले, पालापाचोळा येऊ लागला किंवा आवाज जड झाला की एक क्षण थांबायचे नाही. पाऊस आपल्यावर पडायलाच हवा असे नाही, डोंगरावर पडला की पुरे. दोन बी.एड. पदव्या घरात असून हे आम्हाला ठाऊक नव्हते. वाचकांनी हे पाठ करून ठेवावे आणि मुलांकडूनही करून घ्यावे.

पुढच्या रविवारी अम्मी येईल की नाही अशी शंका होती. पण गुडघ्यांनी बाजी मारली.

तानसाला आटगाव स्टेशनवरून रस्ता आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लोक बोलताना तानसाला उद्यान म्हणतात, पण ते अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोन्हींत फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मनाई असते आणि तिथे राहणाऱ्यांचे जमिनीवरचे हक्क संपवलेले असतात. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहाच आहेत. त्यांतले आपल्याला जवळचे म्हणजे बोरिवलीचे. तानसाच्या रानात पाडे आहेत, माणसे राहतात, मोहाची फुले वेचतात, आणि त्याच रानात बिबटे, भेकरे, रानडुकरेही राहतात.

याच रानात 2014 साली रानपिंगळा दिसला. हे एक छोटे घुबड, मुठीत मावेल असे वाटणारे. शंभराहून अधिक वर्षे कोणाला न दिसल्यामुळे ते जगातून संपले असे मानले जात होते. 1997 मध्ये ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि नंतर आपल्या शेजारी तानसात. मुलीने दिवसभर प्रत्येक झाडात घुबड शोधले. दिसली ती माकडे.

तलावाकाठी पोहोचलो तेव्हा पाणी काठोकाठ होते, पलीकडच्या डोंगरांची सावली त्यात पडली होती. तानसाचे धरण 1892 चे, घडीव दगडांचे, दोन किलोमीटरहून लांब. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हा एक. दुसरा, भातसा, तोही आपल्याच शहापूर तालुक्यात, आणि मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा त्याचा. विशेष म्हणजे तानसाचे पाणी उताराने, आपल्याच वजनाने मुंबईपर्यंत जाते. त्याला ढकलायला पंप लागत नाही. इंग्रजांच्या काळातल्या इंजिनियरांनी उतार मोजून नळ टाकले. मुंबईत आमच्या भावाच्या घरी सकाळी नळ सुटतो त्यातही हे पाणी असेल, असे आम्ही मुलांना सांगितले. मुलगा म्हणाला, "मग मामूंकडे तोंड धुताना नळ बंद करत जाईन." जोहरची वेळ झाली होती. अम्मीने नेहमीप्रमाणे एका तांब्यात वुजू केला. समोर एवढा तलाव, तरी तांब्यात दोन घोट उरवलेच. ते तिने एका रोपट्याला घातले.

दुपारी अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीकडे वळलो. एसटीने येणाऱ्यांना भिवंडी आणि वसईहून गाड्या आहेत. वज्रेश्वरी देवीचे मंदिर चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाशी, म्हणजे 1739 सालाशी, जोडलेले आहे. जवळच गणेशपुरीला नित्यानंद स्वामींची समाधी आहे. गर्दी भाविकांची असते, पण कुंडांवर सगळ्या जातीधर्मांची दुखरी हाडे येतात. अकलोलीची कुंडे तानसा नदीच्या अगदी काठाला आहेत. नदीचे पाणी थंड आणि चार पावलांवर दगडी कुंडातले पाणी वाफाळलेले, गंधकाचा वास. काही कुंडांत पाय बुडवला की लगेच ओढून घ्यावा लागतो.

मुलांनी विचारले, इथे ज्वालामुखी आहे का? नाही. यलोस्टोनखाली तापलेला खडक वर आलेला आहे, आपल्याकडे तसे काही नाही. आपला काळा दगड ज्वालामुखीचाच खरा, पण तो थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षे झाली. पाणी तापते ते वेगळ्या कारणाने. जमिनीत खोल जावे तसे दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश उष्णता वाढते. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांमधून खूप खोल उतरतो, तिथे तापतो आणि दुसऱ्या भेगेतून निवायच्या आत वर येतो. कोकणात अशी ठिकाणे किनाऱ्याला समांतर ओळीने आहेत. पालघरमध्ये सातिवली आणि कोकणेर, रायगडमध्ये सव, रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर. म्हणजे माहुलीच्या डोहात लाल होऊन आले तेही पावसाचे पाणी आणि कुंडात वाफाळते तेही पावसाचेच. फक्त वाट वेगळी.

अम्मी मात्र कुंड बघून मागे सरली. पुरुषांची गर्दी होती, ओल्या अंगाने फिरणारी माणसे. "मी इथे पाय सोडणार नाही," तिने जाहीर केले. आमच्या बायकांची हीच अडचण असते. उपचार सगळ्यांना मोकळा, पण आडोसा नाही. चौकशी केली तेव्हा कळले की जवळच्या काही लॉजमध्ये झऱ्याचे पाणी न्हाणीघरात आणलेले असते आणि अर्ध्या तासाच्या हिशोबाने खोली मिळते. आम्ही खोली ठरवून परत आलो तर अम्मी जाग्यावर नव्हती. ती कोपऱ्यातल्या एका लहान कुंडाच्या पायरीवर बसली होती. शेजारी वाड्याकडच्या एक आजी, नऊवारीचा काष्टा सावरून. अम्मीचा बुरखा घोट्याच्या किंचित वर. दोघींचे पाय पाण्यात. आजींनी पिशव्या रचून पुरुषांच्या बाजूला आडोसा केला होता.

"तुमचा कुठला दुखतो?"
"डावा. जिना उतरताना."
"माझा दोन्ही. पण उजवा जास्त हरामी."

तिथून अम्मीला उठवायला तासभर लागला. खोलीचे पैसे फुकट गेले ते गेले. वाचकांना एवढेच सांगू की ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, किंवा ज्या बहिणी गरोदर आहेत, त्यांनी अशा पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पाच-दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाणी प्यावे. कुंडात साबण लावू नये. अम्मीचा गुडघा त्या रात्री दुखला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखला. पण ती आजींची आठवण अजून काढते.

सोमवारी वर्गात फळ्यावर नकाशा काढला. शेणवा, आजोबा, माहुली, तानसा, भातसा, अकलोली. मुलांनी आपापली गावे भरली. आम्ही मोठ्या हौसेने सांगितले की तानसाचे पाणी पंपाशिवाय थेट मुंबईला पोहोचते. तीच पाड्यावरची मुलगी उभी राहिली.

"मग आमच्या पाड्यावर का नाय येत?"

मागच्या बाकावरचा लगेच म्हणाला, "तुमचा पाडा वर हाय ना. पाणी खालीच जातं."

भूगोलाच्या पेपरात या उत्तराला पूर्ण गुण द्यावे लागतील. पण आमच्या हजेरीपटात मार्च ते मे या महिन्यांत तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग असते. विहीर आटते, मग टँकरची वाट बघायची किंवा आईबरोबर हंडा घेऊन खाली ओढ्यात झऱ्यावर जायचे. शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तलाव त्याच तालुक्यात आहेत, हेही.

आम्ही तिला खडू दिला आणि तुझा झरा कुठे आहे तो दाखव म्हणालो. तिने फळ्याजवळ येऊन बराच वेळ नकाशा पाहिला. मग भातसाच्या मोठ्या निळ्या ठिपक्याशेजारी एक छोटे टिंब काढले आणि विचारले, "याला नाव काय लिहू?"