बाहेर दव, घरात कोरडी हवा : बाळंतिणीची खोली सांभाळा

पौषातल्या पहाटे शिवारात गेलात की गव्हाच्या पातीवर दव, द्राक्षाच्या पानावर दव. आणि त्याच गावात घराघरांत ओठ फुटलेले, टाचांना भेगा, रात्री घशाला कोरड. मग हवा ओली म्हणायची की कोरडी?

उत्तर सोपं आहे. थंड हवेत पाणी कमी मावते. १० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅम वाफ राहते. तीच हवा घरात २५ अंशांपर्यंत तापली तर तिच्यात २३ ग्रॅम मावते. पण असतात साडेनऊच. म्हणजे दवाची हवाही घरात तापली की जेमतेम ४० टक्के ओली उरते. ही तहान ती आपल्या ओठांवर, नाकावर, कातडीवर भागवते.

जुन्या मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन ओल धरून ठेवत, हळूहळू सोडत. फरशी-स्लॅबच्या घरात ती सोय राहिली नाही.

शेगडीचा धोका

निफाडकडे पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. अशा वेळी खिडकीच्या फटीत बोळे कोंबायचे, दार लावायचे आणि बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, ही आपली रीत. बाळंतिणीच्या खोलीत तर हमखास. त्याने हवा आणखी कोरडी होते, धुराने बाळाची छाती भरते. पण खरं संकट वेगळंच आहे. बंद खोलीत निखारे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपेतच माणूस जातो. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक, हा समज सोडा. शेगडीवर पाण्याचे पातेले ठेवल्याने वायू जात नाही.

मग करायचं काय?

१) निजायच्या खोलीत शेगडी ठेवूच नका. शेकायचेच असेल तर ओसरीवर, उघड्यावर शेका. खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवा.

२) बाळाला उबेसाठी टोपरे, पायमोजे घाला आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. आईच्या अंगाची ऊब शेगडीपेक्षा भली.

३) ओलाव्यासाठी दोरीवर ओला पंचा टाका. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत ओलावा ३० वरून ५० टक्क्यांवर न्यायला सुमारे १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला पाणी पुरते. पण खिडकीतून हवा बदलत राहते, म्हणून पंचा वाळला की पुन्हा भिजवा. पसरट परातीतले पाणी सावकाश उडते, त्याचा उपयोग कमी. शिवाय रांगते मूल असेल तर ते जमिनीवर ठेवू नका.

४) अतिरेक नको. भिंतीला घाम फुटला, कोपऱ्यात बुरशी दिसली की पंचा काढा.

५) अंघोळीला पाणी फार कढत नको. अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा, टाचांना आमसुलाचे तेल. बाळाच्या नाकात मात्र तेल घालू नका. नाक कोंदले तर आशाताईंना विचारून मिठाच्या पाण्याचे थेंब आणा.

शेगडीच्या खोलीत कुणी गुंगलेले दिसले तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. थंडीच्या तोंडावर दवंडी देऊन ही गोष्ट गावभर सांगा. अंगणवाडीच्या खिडक्या बंद करून आत शेगडी पेटत नाही ना, हे स्वतः जाऊन पाहा. ज्या घरी बाळंतीण आहे तिथे आशाताईंबरोबर एक चक्कर मारा. सासूबाईंना समजावून सांगा; त्यांचा जीव बाळासाठीच तुटतो, म्हणूनच त्या शेगडी पेटवतात. त्यांना कारण कळलं तर शेगडी त्याच आधी बाहेर नेतील.