उःशापानंतरचं बोस्टन

२००४च्या ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. बोस्टन आणि आसपासच्या गावांमधल्या दफनभूमींत एकाएकी वर्दळ वाढली. माणसं यायची, आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या थडग्यापाशी थांबायची आणि फुलांसोबत आणखी काहीतरी ठेवून जायची. कुणी लाल अक्षराची निळी टोपी, कुणी छोटा तिकोनी झेंडा, तर कुणी त्या दिवशीचं वर्तमानपत्र. ‘बोस्टन ग्लोब’च्या पहिल्या पानावर मोठ्या टायपात एकच शब्द होता, ‘येस!!!’ शहराच्या बेसबॉल संघानं, रेड सॉक्सनं, ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती. ज्यांनी वाट पाहता पाहता डोळे मिटले, त्यांच्या कानावर ती बातमी घालायची राहून गेली होती.

या प्रसंगाबद्दल वाचलं की आजही माझा गळा दाटून येतो. पण पुढे काय झालं, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. कारण रेड सॉक्स तिथे थांबले नाहीत. २००७, २०१३ आणि २०१८ साली ते पुन्हा जिंकले. ज्या शहरानं तीन पिढ्या हरण्याचं दुःख वारसाहक्कानं जपलं, त्याला जिंकायची सवय लागली. सवय लागल्यावर प्रेमाचं आणि वर्तमानपत्रांचं काय होतं, हे बोस्टनइतकं स्पष्ट क्वचितच कुठे पाहायला मिळेल.

बेसबॉलचा हंगाम म्हणजे सहा महिन्यांत १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज खेळ असतो. त्यामुळे बेसबॉल सणासारखा नसतो, रोजच्या स्वयंपाकासारखा असतो. वर्तमानपत्रालाही रोज सकाळी त्याच्याबद्दल काही ना काही लिहावंच लागतं. संघासोबत गावोगाव फिरणारा बातमीदार हंगामभर त्याच पंचवीस-सव्वीस माणसांची तोंडं पाहतो आणि त्यांच्यावरच पानं भरतो. खेळातून कथानक मिळालं नाही, तर ते दुसरीकडून आणावं लागतं.

१९१२ साली उघडलेल्या फेनवे पार्क या रेड सॉक्सच्या घरच्या मैदानाबद्दल एक समज आहे, की संघ कितीही हरो, बोस्टनकरांनी मैदान कधी रिकामं ठेवलं नाही. ते खरं नाही. २८ सप्टेंबर १९६० रोजी टेड विल्यम्स फेनवेवर शेवटचा सामना खेळला. बेसबॉलमधल्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांपैकी एक असलेल्या या माणसानं कारकिर्दीतल्या अखेरच्या चेंडूवर होमरन मारला. तो पाहायला १०,४५४ माणसं होती, मैदान एक तृतीयांशही भरलं नव्हतं. शहरातल्या क्रीडा-पत्रकारांशी त्याचं वर्षानुवर्षं वाकडं होतं. त्या दिवशीच्या निरोपाच्या भाषणातही त्यानं ‘कीबोर्डचे सरदार’ म्हणून त्यांची आठवण काढली. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, डेव्ह मोरहेड या पिचरनं प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू न देण्याचा दुर्मीळ पराक्रम केला, तेव्हा प्रेक्षक होते १,२४७.

मग १९६७ उजाडलं. आदल्या वर्षी दहा संघांत नववा आलेला रेड सॉक्स थेट वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला. सातव्या सामन्यात हरला, तरी १९६६ साली ८,११,१७२ असलेली वर्षभराची प्रेक्षकसंख्या १७,२७,८३२ झाली. बोस्टनचं बेसबॉलवेड ज्याला म्हणतात, त्याचा पाया या वर्षी घातला गेला. हरण्याचं दुःख सुंदर वाटायलाही आधी जिंकण्याच्या उंबरठ्यापर्यंत जावं लागतं.

त्या उंबरठ्यावर हा संघ १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ साली अडखळला. चारही वेळा सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यात. इतक्या अडखळण्याला काहीतरी कारण हवं, आणि ते सापडलं बेब रूथमध्ये. १९१९ अखेरीस संघाचे मालक हॅरी फ्रेझी यांनी रूथला एक लाख डॉलरला न्यूयॉर्कच्या यांकीजना विकलं होतं. रूथचं लाडाचं नाव ‘बॅम्बिनो’, म्हणून हा ‘बॅम्बिनोचा शाप’. पण हा शाप लोकांच्या तोंडी रुळला तो १९८६च्या पराभवानंतर. ग्लोबचे स्तंभलेखक डॅन शॉनेसी यांनी १९९० साली त्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि तो घरोघरी पोचला. चार्ल्स नदीकाठच्या स्टोरो ड्राइव्हवर उलट्या वळणाची सूचना देणारी ‘रिव्हर्स कर्व्ह’ अशी पाटी होती. कुणीतरी रंगानं तिचं ‘रिव्हर्स द कर्स’, म्हणजे ‘शाप उलटवा’, केलं आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहिली.

शापाची कथा वर्तमानपत्रांसाठी अक्षय्य थाळी होती. प्रत्येक पराभव तिच्यात बसायचा, प्रत्येक आजोबांकडे तिचा एक अध्याय असायचा. मला मात्र या कथेबद्दल मनापासून राग आहे, कारण तिनं खऱ्या गोष्टीवर पांघरूण घातलं. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि गोऱ्यांच्या लीगमधली वर्णबंदी मोडली. त्याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल १९४५ मध्ये, फेनवेवर त्याची चाचणी झाली होती, पण रेड सॉक्सनं त्याला घेतलं नाही. या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, आला तो १९५९ साली. मोठ्या लीगच्या सर्व संघांत सर्वात शेवटी. तेव्हाचे मालक होते टॉम यॉकी. इतकी वर्षं गुणी माणसांना दार बंद ठेवणाऱ्या संघाला हरण्यासाठी भुताखेताची गरज नव्हती. फेनवेच्या दाराबाहेरच्या रस्त्याला यॉकींचं नाव होतं. ते २०१८ साली काढलं आणि रस्ता पुन्हा जर्सी स्ट्रीट झाला. विजेत्या संघाला आपल्या इतिहासाकडे सरळ बघणं सोपं जातं, असं मला वाटतं. शापाचा आडोसा एकदा गेला की भिंतीमागचं दिसू लागतं.

२००४ची कहाणी अमेरिकेत लहान मुलांनाही पाठ आहे. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत यांकीजविरुद्ध पहिले तिन्ही सामने गेले, तिसरा तर १९-८ असा. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा, आणि संघ एका धावेनं मागे. डेव्ह रॉबर्ट्सनं दुसरा बेस चोरला, बरोबरी झाली आणि बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझनं होमरन मारला. पुढचे तीनही सामने जिंकले. बेसबॉलच्या इतिहासात ०-३ वरून परतलेला हा पहिला संघ. मग वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसला सलग चार सामन्यांत हरवलं. २७ ऑक्टोबरच्या रात्री अखेरचा सामना चालू असताना आकाशात खग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहण सुटलं, असं आपल्याकडे सहज म्हणता आलं असतं. योगायोग असा, की रेड सॉक्सच्या एका दुर्दैवी चाहत्यावरचा ‘फीव्हर पिच’ हा चित्रपट तेव्हा चित्रित होत होता. कथेत संघ जिंकणार नव्हता. दिग्दर्शक फॅरेली बंधूंना शेवट बदलावा लागला आणि नायक-नायिका सेंट लुइसच्या मैदानात धावत आले.

वर्तमानपत्रांनाही आपला शेवट बदलावा लागला.

फेनवेवरची सलग ‘हाउसफुल’ सामन्यांची साखळी १५ मे २००३ला सुरू झाली आणि दहा वर्षं टिकली. बाद फेऱ्या धरून ८२० सामने. आधीचा विक्रम क्लीव्हलँडचा, ४५५चा. या आकड्यात विकलेल्या तिकिटांबरोबर वाटलेली तिकिटंही धरलेली असत आणि त्यावरून वादही झाला. पण रांगा खोट्या नव्हत्या. गर्दीबरोबर नवे चेहरे आले आणि जुन्यांनी त्यांना नाव दिलं, ‘गुलाबी टोप्या’. ज्यांनी १९८६ची रात्र सोसली नाही, आठव्या इनिंगमध्ये ‘स्वीट कॅरोलाइन’ हे गाणं म्हणायला येतात आणि मध्येच उठून जातात, ते. मला हा शिक्का अन्यायकारक वाटतो, त्यातून विशेषतः बायकांना हिणवलं गेलं. पण त्यामागची व्यथा समजते. आधी चाहता असणं म्हणजे काहीतरी सोसणं होतं, आता त्यासाठी फक्त तिकीट पुरत होतं.

खरा पालट माध्यमांत झाला. दुःखाची कथा संपल्यावर रकाने भरायला अपेक्षाभंगाची कथा आली. २०११ साली संघानं ९० सामने जिंकले. १९६६च्या माणसाला ते स्वप्न वाटलं असतं. पण सप्टेंबरमध्ये २७ पैकी २० सामने हरून संघ अखेरच्या रात्री बाद फेरीबाहेर पडला. दोन आठवड्यांनी ग्लोबनं पहिल्या पानावर छापलं, की काही पिचर ज्या दिवशी आपली पाळी नसे त्या दिवशी सामना चालू असताना आत बसून बिअर पीत, तळलेली कोंबडी खात आणि व्हिडिओ गेम खेळत. दोन विजेतेपदं मिळवून देणारा मॅनेजर टेरी फ्रँकोना एव्हाना पायउतार झाला होता. त्याचं खासगी आयुष्यही या बातमीत ओढलं गेलं. रेडिओवर आठवडेच्या आठवडे कोंबडी आणि बिअर याशिवाय विषय नव्हता. डब्ल्यूईईआय या जुन्या क्रीडा-रेडिओला २००९पासून ‘स्पोर्ट्स हब’ हा स्पर्धक मिळाला होता आणि दोघांनाही फोन करणारा श्रोता हवा होता. समाधानी माणूस फोन करत नाही.

आणखी एक गुंता आहे. सामने दाखवणारी नेसन ही वाहिनी बहुतांशी संघाच्याच मालकीची. ग्लोबची मालक न्यूयॉर्क टाइम्स कंपनी काही वर्षं रेड सॉक्समध्येही भागीदार होती. आणि १९९३ साली ११० कोटी डॉलरना घेतलेलं ग्लोब तिनं २०१३ साली सात कोटींना विकलं, ते रेड सॉक्सचे प्रमुख मालक जॉन हेन्री यांना. खेळवणारा, दाखवणारा आणि त्यावर लिहिणारा एकाच घरात आला. ग्लोबच्या लेखकांनी धार सोडली नाही, हेन्रींचा उल्लेख आला की ते वर्तमानपत्राचेही मालक आहेत अशी नोंद ते करतात. तरी वाचकाच्या मनात शंकेचा खडा राहतोच.

त्याच २०१३च्या १० एप्रिलला हाउसफुलची साखळी तुटली. पाच दिवसांनी बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेवर स्फोट झाले. आदल्या वर्षी तळाला गेलेला संघ त्या शरद ऋतूत जिंकला आणि विजयमिरवणूक त्या रेषेवर थांबली. जॉनी गोम्सनं चषक रस्त्यावर ठेवला, त्यावर ‘बोस्टन स्ट्राँग’ लिहिलेला सदरा घातला. त्या क्षणी कुणी जुना, कुणी नवा नव्हता.

पण २०१८ला १०८ सामने आणि विजेतेपद मिळवून दोन वर्षंही झाली नव्हती, तोच लाडका मूकी बेट्स लॉस एंजेलिसला दिला गेला. २०२०, २०२२ आणि २०२३ साली संघ गटात तळाला होता. जानेवारी २०२३ मध्ये स्प्रिंगफील्डला चाहत्यांच्या मेळाव्यात हेन्री बोलायला उभे राहिले, तेव्हा समोरून हुर्यो उडाली. चार विजेतेपदं देणारा मालक होता तो.

मला मात्र पुन्हा पुन्हा आठवतो ८ एप्रिल २००८चा दिवस. १९८६च्या सहाव्या सामन्यात बिल बकनरच्या दोन पायांमधून साधा सरपटी चेंडू निघून गेला होता. बरोबरी त्याआधीच झाली होती आणि सातवा सामना अजून व्हायचा होता, पण बावीस हंगाम आणि २,७१५ हिट्सचा हा माणूस पुढे फक्त त्या एका चेंडूनं ओळखला गेला. अखेर तो कुटुंबासह दूर आयडाहोला राहायला गेला. २००७च्या विजयाचा झेंडा फडकवायच्या दिवशी संघानं त्याला पहिला चेंडू टाकायला बोलावलं. ग्रीन मॉन्स्टर या उंच हिरव्या भिंतीकडून तो एकटा चालत निघाला. सगळं मैदान उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. त्यानं डोळे पुसले. नंतर तो पत्रकारांना म्हणाला, की मला मनातून क्षमा करायची होती ती चाहत्यांना नव्हे, माध्यमांना. हे म्हणतानाही त्याचा आवाज भरून आला होता. त्याआधी मैदानात, त्यानं चेंडू टाकला तो जुना सोबती ड्वाइट एव्हान्सकडे. १९८६च्या त्या रात्री एव्हान्सही मैदानात होता, बकनरच्या बरोबर मागे, उजव्या कोपऱ्यात.