डॉक्टरांचा धर्म विचारावा का?

मुळशी तालुक्यातल्या वस्त्यांवर आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो. रक्तदाब, साखर, गरोदरपण असा विषय ठरवून जातो. पण बैठक उठता उठता एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर आपला आहे का?" कुणी तो हळू आवाजात विचारते, कुणी सरळ तोंडावर.

या प्रश्नामागे दोन गोष्टी असतात. दवाखान्याच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी, डॉक्टरांच्या मनगटाला गंडा, आणि आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले. मग हा माणूस आपल्याला मनापासून तपासेल का, ही एक शंका. दुसरी गोष्ट शंकेपेक्षा जुनी आहे. केसपेपरवरचे आडनाव वाचल्यावर समोरच्याचा आवाज बदललेला ज्यांनी ऐकला आहे, त्यांच्या मनातली ती जखम आहे.

"असले काही मनात आणू नका" असे म्हणून हा प्रश्न झटकता येत नाही. त्याच्यापायी काही माणसे जवळचा दवाखाना ओलांडून 'आपल्या' डॉक्टरकडे शहरात जातात. काहीजण दुखणे अंगावर काढतात. ताम्हिणीकडच्या वस्तीवरून भर पावसात निघालेल्या आजाऱ्याला हा वेळ परवडत नाही. म्हणून डॉक्टरांच्या श्रद्धेने रुग्णाला फरक पडतो का, आणि पडतो तो नेमका कुठे, हे एकदा नीट पाहू.

हात मागे घेणारे आणि हात पुढे करणारे

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत नोंदवली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. तिला श्वास घेता येईना. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावच्या प्रतिष्ठितांनी दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला तिच्या तान्ह्या बाळासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने तो शिक्षकाकडे दिला आणि शिक्षकाने पत्नीला लावला. तो परत गेला तोही याच वाटेने. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले. ती बाई वाचली नाही.

परिचारिकेच्या नजरेने ही हकिगत वाचली, तर एक गोष्ट उघड दिसते. त्या डॉक्टरला रोग ओळखता येत होता, पण विटाळाच्या कल्पनेने त्याचा हात रोगिणीपर्यंत पोहोचू दिला नाही. नाडी पाहिली नाही, छातीला नळी लावली नाही, दुसऱ्यांदा येऊन पाहिले नाही. डॉक्टरांची श्रद्धा रुग्णाला मारू शकते ती अशी.

आता दुसरी बाजू. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस या ख्रिस्ती मिशनरी डॉक्टरांनी रुग्णालय उभारले. तेही धर्मश्रद्धेनेच इतक्या दूर आले होते, पण त्यांच्या श्रद्धेने त्यांना रुग्णाच्या जवळ नेले. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले ते डेव्हिड ससून ज्यू होते. मुळशीतून पुण्याला पाठवलेले कितीतरी रुग्ण आजही तिथेच उपचार घेतात. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना चालवला, तो सत्यशोधक विचारांच्या घरातून आलेला होता. सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घालून तिथे आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

कुणी ख्रिस्ती, कुणी ज्यू, कुणी सत्यशोधक. हात पुढे करणाऱ्यांचा धर्म एक नव्हता. त्यामुळे डॉक्टरांचा धर्म कळल्याने आपल्याला पुरेसे काही कळत नाही. ती श्रद्धा हाताच्या आड येते का, एवढे कळले की पुरे.

श्रद्धा उपचाराच्या आड येते तेव्हा

हे जुन्या काळातलेच आहे असेही नाही. बेळगावची मुलगी सविता हलप्पनवार दंतवैद्य होती आणि नवऱ्यासोबत आयर्लंडमध्ये राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात होऊ लागला. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक होते. तिने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू असल्याने ती नाकारली गेली. हा कॅथलिक देश आहे, असे तिथल्या एका परिचारिकेने तिला सांगितल्याचे मृत्यूच्या चौकशीत पुढे आले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. संसर्ग वेळेत ओळखण्यातही रुग्णालय कमी पडले होते. इथे श्रद्धा एकट्यादुकट्या डॉक्टरच्या मनात नव्हती, देशाच्या कायद्यातच बसली होती. सविताच्या मृत्यूने तो देश हलला आणि मे २०१८ मध्ये तिथल्या जनतेने मतदान करून ती तरतूद काढून टाकली.

त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या पुण्यात काय घडले? एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात २४ वर्षांच्या विवाहितेच्या खाटेजवळ मांत्रिक मंत्र म्हणताना मोबाइलच्या चित्रीकरणात दिसला. तिच्यावर आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरनेच त्याला आणले, असा नातेवाइकांचा आरोप होता. तरुणी दगावली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पदवी भिंतीवर असली म्हणून मन विज्ञाननिष्ठ झालेच असे नाही, हे या प्रकरणाने दाखवले.

कायदा कुणाच्या बाजूने?

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. तो माहीत असला पाहिजे.

डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, वैद्यकीय गरज असताना केवळ धार्मिक कारणावरून नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपाताला डॉक्टरांना नकार देता येत नाही. आपल्याला ते काम येत नाही, एवढेच कारण चालते. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही. अविवाहित स्त्रीला विवाहितेइतकाच हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. "लग्न झालंय का?" हे डॉक्टरांनी तपासणीपुरते विचारावे, उपदेशासाठी नव्हे.

अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात किंवा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा स्पष्ट उल्लेख आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर रुग्णाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. स्वतः डॉक्टर असलेल्या नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर हा कायदा आला. २०२१ पासून राज्यातल्या खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती दिसली नाही तर विचारा.

तथागतांची कसोटी

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी त्याला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. पुढे त्यांनी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय हितकर आणि काय अपायकर हे कळावे. त्याने सेवा लाभासाठी नव्हे, मैत्रीने करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस करू नये. आणि धम्माचे चार शब्द बोलून धीर द्यावा.

या पाचांत कुळ नाही, जन्म नाही, पंथ नाही. पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, पुढचे तीन वागण्याचे.

बाबासाहेबांनीही हीच कसोटी लावली. त्यांच्यावर मुंबईचे डॉ. मालवणकर उपचार करत. डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढे सविता आंबेडकर, त्यांच्याच दवाखान्यात काम करत होत्या. दोघेही जन्माने आपल्या समाजाचे नव्हते. तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या दोघांच्या वैद्यकीय कौशल्याचे ऋण मानले.

मग दवाखान्यात काय पाहायचे?

भिंतीवरची तसबीर सोडून द्या. पुढच्या गोष्टी पाहा.

१. डॉक्टर हात लावून तपासतात का? नाडी, छाती, पोट, रक्तदाब? आधीच्या रुग्णाला तपासले आणि तुम्हाला लांबूनच गोळ्या लिहून दिल्या, तर कारण विचारा.

२. आजार काय, औषध कशासाठी, किती दिवस, हे तुमच्या भाषेत सांगतात का?

३. आजाराचे खापर गेल्या जन्मावर, ग्रहांवर किंवा देवाच्या कोपावर फोडतात का? असे बोलणाऱ्या डॉक्टरांकडून दुसरे मत घ्या. गेल्या जन्मीच्या पापाने या जन्मी दुःख, ही शिकवण बाबासाहेबांनी नाकारली आहे.

४. स्त्रीला पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर ठेवतात का? तो तिचा हक्क आहे.

५. नकार दिला, तर तो कागदावर लिहून देतात का? लेखी मागा. तारीख, वेळ आणि केसपेपर जपून ठेवा. डॉक्टरांविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. जातीवरून अडवले असेल तर पोलीस ठाण्यात जा.

हीच मोजपट्टी आपल्यालाही लावू. खिशाला निळी फीत आहे म्हणून डॉक्टर हुशार ठरत नाही. आणि आपल्यातून डॉक्टर, सिस्टर, आशाताई झालेल्यांनी समोरच्याच्या गळ्यातली माळ किंवा कपाळावरचा टिळा पाहून आवाज बदलला, तर काठेवाडच्या त्या डॉक्टरात आणि आपल्यात फरक तो काय राहिला? आजाऱ्याजवळ परित्राण पाठ जरूर म्हणा, त्याने मनाला बळ येते. पण परित्राणाचा दोरा म्हणजे औषध नव्हे. तो बांधला म्हणून साखरेची गोळी चुकवू नका.

आता भातलावणीचे दिवस येतात. चिखलात पाय, बांधावर साप. सर्पदंश झाला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि पौडचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे सरकारी केंद्र गाठा. तिथे कोण डॉक्टर बसले आहेत आणि ते कुणाला हात जोडतात, याची चौकशी त्या वेळी करू नका. लस टोचणारा हात त्या घडीला आपलाच आहे.