‘अक्का’ शब्दाची कुळकथा

‘अक्का’ ही हाक मराठी की कन्नड, असा प्रश्न आपल्या बेळगाव भागात सहसा कुणाला पडत नाही. बाजारात गिऱ्हाईक भाजीवालीला ‘अक्का’ म्हणते आणि भाजीवालीही गिऱ्हाइकाला ‘अक्का’च म्हणते. जमाखर्चात रमणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलाने या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. पण शब्दांचीही देवघेव असतेच, आणि या शब्दाचे खाते मला मोठे विलक्षण वाटले.

कन्नडमध्ये ‘अक्क’ म्हणजे थोरली बहीण. धाकटीला ‘तंगी’, थोरल्या भावाला ‘अण्ण’ आणि धाकट्याला ‘तम्म’. तमिळ व तेलुगूतही थोरल्या बहिणीसाठी हाच शब्द आहे. मौज अशी की मराठीने यांतले अक्का आणि अण्णा तेवढे उचलले. तंगी आणि तम्म तिकडेच राहिले. मानाचे शब्द हवेत, धाकट्यांचे नकोत, असा हा व्यवहार दिसतो! संस्कृतातही ‘अक्का’ आहे, पण तिथे तिचा अर्थ आई. आईवाचक शब्दांना हाक मारताना शेवटचा स्वर ऱ्हस्व होतो, या पाणिनीच्या नियमाला वैयाकरण ‘अंब’च्या जोडीने ‘अक्क’ हे उदाहरण देतात. संस्कृतात हा शब्द द्राविड भाषांतून आला, असे अनेक अभ्यासक मानतात.

परंतु नात्याचा हा शब्द गौरवाचा झाला तो बाराव्या शतकात, महादेवीमुळे. ती शिवमोग्गा जिल्ह्यातील उडुतडीची. चेन्नमल्लिकार्जुनालाच तिने पती मानले, आणि तिच्या वचनांची मुद्राही तीच आहे. परंपरा सांगते की कौशिक राजाचा वाडा, दागिने, वस्त्रेसुद्धा टाकून ती केस पांघरून बसवेश्वरांच्या कल्याणला गेली. तिथल्या अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिला सर्वांसमोर कठोर प्रश्न विचारले. वस्त्रे टाकलीस, मग केसांनी अंग का झाकतेस, असा त्यांचा रोख होता. तिने एकेक प्रश्नाला उत्तर दिले. पुढे ती श्रीशैलाला गेली आणि तिथल्या कदळीवनात तिचा शेवट झाला, असे मानतात. वयाने ती तरुणच होती. तरी तिथले शरण तिला ‘अक्क’ म्हणू लागले. थोरली बहीण जन्माने ठरते. इथे ती अधिकाराने ठरली. कन्नड विभागातील माझे मित्र नुसते ‘अक्क’ म्हणतात तेव्हा पुढचे नाव सांगावे लागत नाही. विजयपूरला २००३ साली निघालेल्या महिला विद्यापीठालाही आता तिचेच नाव आहे.

मराठीतही शब्दाला मान मिळाला. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई ‘अक्कासाहेब’ म्हणून ओळखल्या जात. आपल्याकडे ‘अक्काताई’ असे नावच ठेवतात. म्हणजे दोन्ही भाषांतली थोरली बहीण एकाच मुलीत! मात्र याच शब्दाला ‘बाई’ जोडली की पारडे फिरते. ‘अक्काबाईचा फेरा’ आला म्हणजे दुकान बुडाले, घरात दारिद्र्य शिरले. ही अक्काबाई कोण? तर लक्ष्मीची थोरली बहीण. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी ज्येष्ठा म्हणजे अलक्ष्मी निघाली, अशी पुराणकथा आहे. थोरली म्हणून ती ‘अक्का’, आणि भीतीपोटी तिला ‘बाई’ हा आदर. देवीच्या रोगाला ‘देवी’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. भाद्रपदात मात्र ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन्ही गौरी आपण कौतुकाने घरात आणतो, हेही गमतीचेच.

मला खटकते ते वेगळेच. वर्गात एखादी मुलगी उठून प्राध्यापकांना शंका विचारते, तेव्हा मागच्या बाकावरून ‘बसा अक्काबाई’ असा आवाज येतो आणि हशा पिकतो. एकदा शेजारी बसलेल्या कन्नड मित्राने मला विचारले, “तिला अक्का म्हटलं, मग हसता कशाला?” मी त्याला फेऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला ती पटली नाही. तो म्हणाला, “आमच्या अक्कनंही भर सभेत प्रश्नांना उत्तरंच दिली होती की.”

आमच्या घरी थोरल्या बहिणीला सगळे ‘अक्का’ म्हणतात. पण चिडवायला म्हणून कुणी पुढे ‘बाई’ जोडली, की आई लगेच म्हणते, “तिन्हीसांजेला तसलं नाव घेऊ नको.”