न आवळलेली मूठ

बाण पिवळ्या वर्तुळाच्या बाहेर गेला की बघणाऱ्याची नजर टार्गेटकडे जाते. अमरावतीच्या मैदानावर धनुर्विद्या शिकवणारे एक सर तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते मुलीच्या डाव्या हाताशी वाकून उभे असतात. बोटांची पेरं पांढुरकी पडली आहेत का, करंगळी ताठ झाली आहे का, अंगठ्याचं टोक राइझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या दांड्याला, घट्ट चिकटलं आहे का, एवढंच ते बघतात.

"काऊन आवळून ऱ्हायली गं? पयून चाललं का धनुष्य?"

"सर, सोडलं त पडन ना."

"पडू दे. स्लिंग कायले बांधली हाये मंग?"

हा संवाद मी त्या मैदानावर इतक्या सकाळी आणि इतक्या मुलामुलींशी होताना ऐकला आहे, की धनुर्विद्येचं निम्मं शिक्षण त्यात आहे असं आता माझं ठाम मत झालं आहे. धनुष्य ओढायला ताकद लागते, नेम धरायला नजर लागते, हे कोणालाही पटतं. पण ज्या हाताने धनुष्य धरायचं त्या हाताने ते आवळायचं नाही, हे अंगात मुरायला महिने जातात. काहींच्या अंगात ते कधीच मुरत नाही.

स्लिंग म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये बांधलेली छोटी दोरी. बऱ्याच जणींची स्लिंग म्हणजे बुटाची जुनी नाडीच असते. बाण सुटला की धनुष्य पुढे झेप घेतं, हातातून निसटतं आणि या नाडीत अडकून झुलतं. शिकाऊ मुलीला पहिल्यांदा हे झेपत नाही. हातातली जड आणि महाग वस्तू सुटते आहे म्हटल्यावर बोटं आपोआप मिटतात. चांगल्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याचा पूर्ण संच दोन लाखांच्या पुढे जातो, आणि धनुष्य बहुधा सरकारी किंवा संस्थेचं असतं. ते पाडायची भीती खोटी नाही.

ग्रिप कशी हवी, हे सर तळहातावर पेनाने रेघ काढून दाखवतात. आपण जिला आयुष्यरेषा म्हणतो तिच्या अंगठ्याकडच्या बाजूला जो मांसल भाग आहे, धनुष्याचा सगळा दाब फक्त तिथे यायला हवा. रेषेच्या पलीकडे, करंगळीकडच्या तळव्याला, राइझरचा स्पर्शही नको. पेरांची ओळ उभी न राहता तिरपी, साधारण पंचेचाळीस अंशांत झुकलेली हवी. म्हणजे ताणलेल्या धनुष्याचा जोर मनगटातून सरळ हाडावर जातो आणि स्नायूंना त्याला आवरत बसावं लागत नाही.

दाबाची जागा हलली की बाण लगेच चहाडी करतो. मनगट खाली पडून तळव्याच्या टाचेवर भार आला, तर बाण वर चढतो. मनगट उचललं जाऊन अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात दाब गेला, तर तो खाली उतरतो. आणि बोटांनी मूठ पिळली, तर धनुष्य उभ्या अक्षाभोवती किंचित फिरतं आणि बाण आडवा पांगतो. नवख्यांच्या टार्गेटवर बहुतेक वेळा हाच आडवा पट्टा दिसतो. पिळण्याची दिशा दर वेळी सारखी नसते, त्यामुळे साईट सरकवूनही उपयोग होत नाही. एकसारखी चूक साईटने सुधारता येते, बदलती चूक हातानेच सुधारावी लागते.

हे पांगणं किती, याचा हिशेब सोपा आहे. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह स्पर्धेत टार्गेट ७० मीटरवर असतं. त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर आणि मधल्या दहाच्या वर्तुळाचा १२.२ सेंटिमीटर. डोळ्यापासून साईटची पिन साधारण ९० सेंटिमीटरवर धरा. ही पिन एक मिलिमीटर हलली, तर ७० मीटरवर फरक पडतो जवळजवळ आठ सेंटिमीटरचा. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या सहा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे अगदी मधोमध लावलेला नेमही एका मिलिमीटरने दहाच्या बाहेर जातो. मुठीत एक बोट आखडलं की एक मिलिमीटर काहीच नाही.

याच मैदानावर एक गोष्ट मला सर्वांत उशिरा उमगली आणि ती मला फार मोलाची वाटते. मुली म्हणायच्या, "सर, बाण गेल्यावर मूठ मिटली, आधी नाही." मलाही ते खरं वाटायचं. पण दोरी सुटल्यापासून बाण धनुष्य सोडेपर्यंत सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. माणसाच्या हाताला कशालाही प्रतिसाद द्यायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेव्हा बाण सुटताना जी मूठ मिटलेली दिसते, ती मिटायचा हुकूम आधीच सुटलेला असतो. बाण पूर्ण ओढला गेला की त्याच्या टोकावरून क्लिकरची पट्टी निसटून टक् आवाज करते, आणि त्या आवाजाला उजवा हात दोरी सोडतो. त्याच आवाजाला डावा हात मिटायला शिकला, की घात झाला. म्हणून सर डोळे मिटून क्लिकर वाजवायला लावतात आणि बाण न सोडता परत खाली घ्यायला सांगतात. क्लिकर वाजला, डाव्या हाताला काही झालं नाही, खाली घे. पुन्हा. पुन्हा.

त्या पन्नासाव्या भागात बाणही सरळ नसतो. मागून ढकलला गेल्याने तो वाकतो, उलटा वाकतो आणि असा लवलवतच धनुष्याला वळसा घालून निघतो. बेल लॅबोरेटरीतल्या क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३०च्या दशकात वेगवान छायाचित्रणाने हे टिपलं. बाणाचा ताठरपणा आणि धनुष्य ओढायला लागणारे पाउंड यांचा मेळ बसवायचा तो याच लवलवीसाठी. पण मूठ दर बाणाला वेगळी असेल, तर हा मेळ बसवूनही हाती काही लागत नाही.

गोल्फ आमच्या वऱ्हाडात फारसा नाही, पण त्याचं गणित याच्या शेजारचं आहे. उजव्या हाताच्या खेळाडूने डावा पंजा दांड्यावर जास्त उजवीकडे वळवून धरला, तर आघाताच्या वेळी क्लबचं तोंड मिटतं आणि चेंडू डावीकडे वळतो. पंजा डावीकडे राहिला तर तोंड उघडं राहून चेंडू उजवीकडे. आणि पकड घट्ट झाली की मनगट वेळेवर फिरत नाही, तोंड पुन्हा उघडंच. तिथे चेंडू आणि क्लब यांची भेट सेकंदाच्या अर्ध्या सहस्रांशाच्या आसपास उरकते. अकोल्याच्या क्रिकेट मैदानावरही हेच ऐकू येतं. वेगवान गोलंदाजी शिकणाऱ्या पोराला पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली, आणि चेंडू व तळवा यांच्यामध्ये फट ठेवायला सांगतात. फट बुजली की मनगट आखडतं आणि शिवण हवेत डगमगते.

अमरावतीत धनुर्विद्या रुजली याचं मला नवल वाटत नाही. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच गावचं. मंडळाच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मुलगा मैदानावर जातो म्हटलं की कपाळावर आठी न घालणारी घरं इथे चार पिढ्यांपासून आहेत. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव धनुर्विद्या शिकला तो अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत. २०१९च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि टोकियो व पॅरिस ही दोन ऑलिंपिकही खेळला. शेजारच्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेता झाला, अंतिम लढतीत १५०पैकी १५० गुण घेऊन. कंपाउंडमध्ये दोरी बोटांनी सोडत नाहीत, त्यासाठी रिलीजचं यंत्र असतं. दोरीकडचा बोटांचा दोष जवळजवळ संपतो, आणि उरतो तो धनुष्य धरणारा हात. त्या १५० गुणांत तो हात प्रत्येक बाणाला तसाच राहिला, हे मला त्या आकड्याहून मोठं वाटतं.

गरीब घरची मुलं सुरुवात करतात ती इंडियन राउंडमध्ये. बांबूचं धनुष्य, साईट नाही, क्लिकर नाही. मेळघाटातून आलेली मुलं त्यात लवकर रुळतात. या धनुष्याची मूठ म्हणजे बांबूवर गुंडाळलेली चिंधी किंवा पट्टी, तळव्याला बसेल असा आकार तिला नसतो. त्यामुळे ते घट्ट धरावंच लागतं, आणि तीच सवय पुढे रिकर्व्हवर येते. ती मोडायला सर एक प्रश्न विचारतात. तो वऱ्हाडातल्या पोरीलाच विचारता येईल: "कापूस वेचताना बोंड आवळते का तू?" पोरगी हसते. बोंडाच्या टोकदार पाकळ्या न टोचू देता बोटांच्या टोकांनी कापूस कसा ओढून घ्यायचा, हे तिला शिकवावं लागलेलं नसतं.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच तळव्याला घाम सुटतो, ग्रिप निसरडी होते आणि हात आपोआप आवळतो. मुली दर बाणाआधी हात टॉवेलला पुसतात, कोणी ग्रिपवर रॅकेटची पट्टी चढवतं. पट्टीची जाडी वाढली की दाबाची जागा बदलते, मग पुन्हा साईट लावा. सरांना ही पट्टी मुळीच आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

मला खरी तक्रार करायची आहे ती वाटून वापरलेल्या धनुष्यांबद्दल. एकाच राइझरवर सकाळी उंचपुरा मुलगा आणि संध्याकाळी बारा वर्षांची मुलगी सराव करते. त्याच्या पंजाला बेतलेली ग्रिप तिच्या तळव्यात करंगळीपर्यंत पोचते, आणि मग तिला "रेषेच्या पलीकडे टेकवू नको" असं सांगण्यात काय अर्थ? लिंब, म्हणजे राइझरला जोडलेल्या लवचीक पट्ट्या, बदलून पाउंड कमी करता येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ग्रिपही स्क्रू काढून बदलता येते. जास्तीच्या, लहान मापाच्या ग्रिप घेतल्या तर खर्च धनुष्याच्या मानाने किरकोळ आहे. खरेदीच्या यादीत बाण असतात, टार्गेटचे कागद असतात, ग्रिप नसते.

अशाच एका मुलीने तोडगा काढला तो हार्डवेअरच्या दुकानातून. जुनी, चिरलेली ग्रिप तिने कानशीने घासून बारीक केली, वर एम-सील मळून लावलं आणि ते ओलं असताना धनुष्य ओढल्यासारखा पंजा त्यावर दाबून धरला. रात्रभर वाळल्यावर तिच्या तळव्याचा खळगा तिथे उमटलेला होता. जिथे दाब नको तिथला थर तिने पॉलिश पेपरने उतरवला. त्या दिवशी तिला टार्गेट दिलंच नाही. तीन मीटरवरच्या कोऱ्या बट्रेसवर (टार्गेटचा कागद लावायच्या जाड फळीवर), डोळे मिटून, नुसते बाण सोडायचे. तिचे वडील गाडीवर टेकून बघत होते. त्यांनी सरांना विचारलं, "सर, सत्तर मीटरवर कवा मारन ही?"

"मूठ बसू द्या भाऊ आधी."

दुसऱ्या दिवशी ती पॉलिश पेपर घेऊनच मैदानावर आली. तळव्याच्या कडेला अजून थोडं टोचत होतं.